पहिला दात कधी येतो, आणि उशीर झाला तर काय करावे

बाळ आठ महिन्यांचे झाले आणि तोंड अजून बोळकेच राहिले, की घरोघरी चौकशी सुरू होते. खानापूरकडची आजी रोज सकाळी हिरडीवरून बोट फिरवून पाहते, निपाणीहून आलेली आत्या आपल्या मुलाला सहाव्या महिन्यातच दोन दात होते असे सांगून जाते, आणि अंगणवाडीच्या दारात भेटलेली कन्नड शेजारीणही ‘इन्नू हल्लु बंदिल्ला?’ म्हणजे अजून दात आले नाहीत का, असे काळजीने विचारते. विचारणारी सगळी माणसे प्रेमाचीच असतात, पण त्यांच्या प्रश्नांनी नव्या आईची झोप उडते. या उशिरामागे बहुतेक वेळा कोणताही आजार नसतो. याउलट ‘दात येताहेत, चालायचेच’ म्हणून सोडून दिलेले जुलाब आणि ताप यांच्यामागे मात्र बहुतेक वेळा खरा आजार असतो. आपल्या बेळगाव भागात पहिल्या गोष्टीची धास्ती घेतली जाते आणि दुसरीकडे काणाडोळा होतो, म्हणून हे मार्गदर्शन थोडे सविस्तर लिहिले आहे.

आधी महिने नीट मोजावेत

पहिला दात सर्वसाधारणपणे सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, परंतु चौथ्या महिन्यापासून बाराव्या महिन्यापर्यंत कधीही आला तरी ते स्वाभाविकच मानले जाते. काही निरोगी बाळांना पहिला वाढदिवस उलटून गेल्यावर तेराव्या-चौदाव्या महिन्यात पहिला दात येतो. माझ्या धाकट्या मुलीचा पहिला दात तेराव्या महिन्यात आला. तिच्या वडिलांचाही तसाच उशिरा आला होता, हे सासूबाईंना फार उशिरा आठवले. तेव्हा बाळाला दात नाहीत असे वाटले, की सर्वांत आधी दोन्हीकडच्या आजी-आजोबांना आई-वडिलांचे दात कधी आले ते विचारावे. घराण्याची चाल हे उशिराचे सर्वांत नेहमीचे कारण असते.

बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर मोजणी वेगळी करावी लागते. दोन महिने आधी जन्मलेले बाळ दिनदर्शिकेप्रमाणे दहा महिन्यांचे दिसत असले, तरी दातांच्या हिशेबात ते आठच महिन्यांचे धरावे. जन्मतः वजन फार कमी असलेल्या बाळांचे दातही काहीसे मागे राहतात. हा एवढा हिशेब केला तरी निम्मी काळजी कमी होते.

दात हिरडीत तयार होण्याचे काम बाळ पोटात असतानाच, गरोदरपणाच्या सुमारे सहाव्या आठवड्यात सुरू झालेले असते. जन्माच्या वेळी विसाही दुधाच्या दातांचे अंकुर जबड्यात तयार असतात. म्हणूनच आठव्या महिन्यात कॅल्शियमची बाटली आणून पाजल्याने दात ‘ओढून’ बाहेर येत नाहीत.

कोणते दात, कोणत्या क्रमाने

बहुधा खालचे मधले दोन पटाशीचे दात आधी येतात. त्यानंतर वरचे मधले दोन, मग त्यांच्या बाजूचे, पुढे साधारण १३ ते १९ महिन्यांत पहिल्या दाढा, १६ ते २३ महिन्यांत सुळे आणि शेवटी दोन ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान मागच्या दाढा येतात. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात पूर्ण होतात. एक सोपा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे: सातव्या महिन्याला सुरुवात धरावी आणि पुढे दर चार महिन्यांनी सुमारे चार दातांची भर धरावी, म्हणजे अकराव्या महिन्यात चार, पंधराव्यात आठ, एकोणिसाव्यात बारा. हा केवळ अंदाज आहे. एखादे बाळ यात चार-सहा महिने मागे असेल तरी लगेच डॉक्टरांकडे पळण्याचे कारण नाही.

वरचे दात आधी आले तर ते मामाला जड जातात, असे आपल्याकडे मानतात. क्रम असा मागेपुढे होणे अगदी सामान्य आहे आणि त्याचा मामाच्या तब्येतीशी संबंध नाही, इतकेच येथे सांगणे पुरे. सुमारे दोन-तीन हजारांत एखादे बाळ दात घेऊनच जन्मते. त्यालाही अपशकुन समजू नये, मात्र तो दात हलत असेल तर निसटून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते आणि त्याच्या धारेने जिभेखाली जखमही होऊ शकते, म्हणून असे बाळ त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

तोंडात कसे पाहावे

हात साबणाने धुऊन, नखे कापून, बाळाला मांडीवर उजेडाकडे तोंड करून आडवे घ्यावे आणि खालचा ओठ अलगद खाली ओढून पाहावे. दात जवळ आला असेल तर हिरडी त्या जागी फुगीर आणि किंचित पांढुरकी दिसते, बोटाला कडक लागते. कधी कधी त्या जागी निळसर-जांभळा फोडासारखा फुगवटा येतो. तो पाहून घाबरायला होते, पण तो बहुधा आपोआप दात वर येताच फुटून जातो, त्याला टोचू नये. पुष्कळ आयांना पहिला दात डोळ्यांआधी कानांनाच कळतो: पाणी पाजताना वाटीच्या काठावर ‘टक्’ असा बारीक आवाज येतो.

लाळ गळणे मात्र दात जवळ आल्याची खात्रीशीर खूण नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लाळग्रंथी जोरात काम करू लागतात आणि बाळाला ती लाळ गिळणे अजून जमत नसते, एवढेच त्याचे कारण असते. लाळेरे ओले झाले की बदलावे आणि हनुवटी-गळा कोरडा ठेवावा, नाहीतर तेथे पुरळ येते.

हिरड्या शिवशिवतात तेव्हा

दात वर येण्याच्या आधीचे आणि नंतरचे तीन-चार दिवस बाळ किरकिरते, हाताला येईल ते चावते, रात्री एखाद-दुसऱ्या वेळी जास्त उठते. यासाठी सर्वांत चांगला उपाय फुकटचा आहे. स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी दोन मिनिटे हलक्या दाबाने चोळावी, किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये थंड केलेले स्वच्छ सुती फडके बाळाला हातात धरून चावायला द्यावे. चावण्याचे रबरी खेळणे घ्यायचे तर एकसंध, आत पाणी न भरलेले घ्यावे, आणि ते बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, कारण दगडासारखे गोठलेले खेळणे हिरडीला इजा करते. कच्चे गाजर, खारीक किंवा भाकरीची कडक कड चावायला देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्याचा तुकडा मोडून घशात अडकू शकतो, म्हणून मी तरी ती देऊ नये याच मताची आहे.

बाळ फारच बेचैन असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल देता येते, पण येथे एक घात होतो तो नीट समजून घ्यावा. हेच औषध थेंबांच्या लहान बाटलीतही मिळते आणि पातळ औषधाच्या मोठ्या बाटलीतही मिळते. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर मोठ्या बाटलीत अनेकदा पाच मिलिलिटरमध्ये सुमारे १२० मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला एका वेळी ८० ते १२० मिलिग्रॅम पुरते. मोठ्या बाटलीच्या सवयीने थेंबांच्या बाटलीतले पाच मिलिलिटर पाजले गेले, तर चौपटीहून अधिक मात्रा पोटात जाते आणि यकृताला धोका होतो. दुकानदाराने बाटली बदलून दिली असेल तर मात्राही पुन्हा विचारून घ्यावी.

तोंडात काय जाऊ नये

निपाणी-चिकोडीचा पट्टा तंबाखूचा आहे आणि आपल्या भागातील पुष्कळ घरांत आजी-काकू मशेरी किंवा तपकीर लावतात. मशेरी लावलेले बोट नुसते पदराला पुसून बाळाच्या हिरडीवर फिरवले, तर तंबाखूचा अंश थेट बाळाच्या तोंडात जातो. लहान बाळाला त्याने उलट्या, घाम, निपचितपणा येऊ शकतो. विडीच्या तंबाखूत दिवसभर हात घालणाऱ्या आईनेही बाळाला घेण्यापूर्वी हात साबणाने खसखसून धुवावेत. हे घरातील वडीलधाऱ्यांना सांगणे अवघड असते, याची मला कल्पना आहे. ‘डॉक्टरांनी बजावून सांगितले आहे’ असे म्हटले की बहुधा निभावते.

हिरडीवर बोरॅक्स-ग्लिसरीन लावण्याची जुनी सवय सोडून द्यावी, कारण बोरॅक्स बाळाला विषारी असतो. हिरडी बधिर करणाऱ्या जेलांपैकी बेंझोकेन असलेली जेले दोन वर्षांखालील बाळांना लावू नयेत. त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती अचानक घटू शकते, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये यासाठीच कडक इशारा दिला. ‘दात सुलभ येण्याच्या’ म्हणून मिळणाऱ्या गोड गोळ्यांनी दात लवकर येतात, याला आधार नाही. एक वर्षाच्या आत मध चाटवू नये.

बाळगुटीबद्दल घराघरांत वाद होतात. सहाणेवर उगाळलेल्या मायफळ-जायफळ-वेखंडाने दात येत नाहीत, उलट सहाण, पाणी किंवा बोट अस्वच्छ असले तर जुलाब मात्र लागतात, आणि जायफळ जास्त झाले तर बाळाला गुंगी येते. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीही नको, हा नियम गुटीलाही लागू आहे. वेखंडाचे मणी, काळा दोरा, ताईत यांची श्रद्धा असेल तर ते पाळण्याला उंच बांधावेत. गळ्यात बांधलेला दोरा आवळू शकतो आणि मनगटातला मणी तुटून घशात जाऊ शकतो. नखाने किंवा नाण्याने हिरडी टोकरून दाताला वाट करून देण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये.

दाताचे जुलाब, दाताचा ताप

दात येताना अंग किंचित कोमट लागू शकते, परंतु ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेलेला ताप दातामुळे येत नाही. पाण्यासारखे जुलाबही दातामुळे होत नाहीत. मग ते नेमके त्याच काळात का होतात, असा प्रश्न साहजिक आहे. सहाव्या महिन्यानंतर आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरू लागते, त्याच सुमारास उष्टावण होऊन वरचे अन्न सुरू होते, आणि त्याच सुमारास बाळ रांगू लागून जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालते. जंतूंना तीन वाटा एकदम मोकळ्या होतात आणि आळ मात्र दातावर येतो. हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यापायी दोन-तीन दिवस वाया जातात आणि लहान बाळाच्या अंगातील पाणी तेवढ्यात आटते.

जुलाब सुरू होताच ओआरएस द्यावे. पाकीट २०० मिलिलिटरचे आहे की एक लिटरचे ते वाचून तेवढ्याच पाण्यात, पूर्ण पाकीट एकदम घालून ते तयार करावे. अंदाजाने चिमूट-चिमूट घालू नये, कारण घट्ट झालेले पाणी त्रास वाढवते. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे अन्न थांबवू नये. सहा महिन्यांवरील बाळाला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक अशी चौदा दिवस द्यायची असते, आणि जुलाब थांबले तरी ती पूर्ण करायची असते. ओआरएस आणि झिंक दोन्ही सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मिळतात. तेथील कर्मचारी कन्नड बोलत असतील तर ‘भेदी’ आणि ‘ज्वर’ हे दोन शब्द पुरतात.

बाळाचे डोळे खोल गेले, रडताना अश्रू आले नाहीत, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले, बाळ दूध ओढेनासे झाले किंवा मलूल पडले, तर रात्र असली तरी थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि वाटेतही ओआरएस चालू ठेवावे. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला तर तो कोणत्याही कारणाचा असो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

उशीर झाला असे कधी म्हणावे

यासाठी वेगळी वही करण्याची गरज नाही. गरोदरपणात मिळालेले तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या आरोग्याच्या नोंदींचे कार्ड, आणि त्यातील लसींच्या तारखा हाताशी असतातच, त्यांच्याच आधाराने दातांकडे पाहावे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो. त्या वेळी दात नसले तर फक्त नोंद करावी. आशा कार्यकर्ती बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही घरी येतात. पहिल्या वाढदिवसानंतरही एकही दात नसेल, तर त्यांना सांगून बालरोगतज्ज्ञांना एकदा सवडीने दाखवावे. सोळा ते चोवीस महिन्यांत पुढच्या लसी असतात. अठरा महिने पूर्ण होऊनही तोंडात एकही दात नसेल, तर मात्र आता सवड नको, तपासणी व्हायलाच हवी.

यातही दातापेक्षा बाळाकडे पाहणे महत्त्वाचे आहे. वजन-उंची कार्डावरील रेषेप्रमाणे वाढते आहे, बाळ वेळेवर बसते, रांगते, हाक मारली की वळून पाहते, हसते, अशा बाळाला बाराव्या महिन्यात दात नसतील तर मी निर्धास्त राहण्याचा सल्ला देईन. पण पुढील काही खुणा सोबत असतील तर अठराव्या महिन्याची वाट पाहू नये.

मनगटे रुंद झाली आहेत, टाळू अजून मोठी उघडी आहे, छातीच्या फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात, उभे राहताना पाय वाकतात, अशी लक्षणे ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेची असू शकतात. कणकुंबी-जांबोटीकडे मृगापासून हस्तापर्यंत धो धो पाऊस असतो, आणि त्या दिवसांत जन्मलेले बाळ कुंची-दुपट्यात गुंडाळून महिनोन्‌महिने घरातच राहते. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व थोडेच असते. म्हणून भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब देण्याची शिफारस करते. दात येवोत न येवोत, हे थेंब आपल्या बाळाला सुरू आहेत का, ते तपासावे.

बाळ सदा सुस्त आहे, शौचाला खडा होतो, त्वचा कोरडी, जीभ मोठी, रडणे घोगरे आहे, जन्मानंतरची कावीळ फार लांबली होती, अशा वेळी थायरॉइडची रक्ततपासणी तातडीने करावी. ही तपासणी साधी आहे आणि औषध स्वस्त आहे, पण त्यात गेलेले महिने बाळाच्या बुद्धीच्या वाढीतून वजा होतात. केस अगदी विरळ, घाम जवळजवळ येतच नाही आणि उन्हाळ्यात वारंवार अंग तापते, असे असेल तर त्वचा, केस आणि दात या तिन्हींच्या वाढीवर परिणाम करणारा जन्मजात दोष असू शकतो. डाउन सिंड्रोममध्येही दात उशिरा येतात. डॉक्टर नात्यातील लग्नाबद्दल विचारतील. आपल्या भागात मामा-भाची, आते-मामे भावंडे यांत लग्ने होत आली आहेत आणि काही आनुवंशिक दोष ओळखायला ती माहिती उपयोगी पडते, म्हणून अवघडून न जाता खरे सांगावे.

तपासणीला जाताना तायी कार्ड, जन्माच्या वेळची कागदपत्रे आणि घरातील इतरांचे दात कधी आले याची माहिती बरोबर न्यावी. एक्स-रेचा आग्रह आपणहून धरू नये, एवढ्या लहान वयात त्याची गरज क्वचित पडते. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करते, त्या दिवशी बाळाला अवश्य न्यावे. बेळगाव शहरात जिल्हा रुग्णालयाबरोबरच दंत महाविद्यालयेही आहेत, आणि तेथे लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो.

दात नसताना खायला काय

दात आल्याशिवाय वरचे अन्न देऊ नये, हा समज उशिराने दात येणाऱ्या बाळाचे सर्वांत जास्त नुकसान करतो. सहा महिने पूर्ण होताच उष्टावण करून घट्टसर अन्न सुरू करावे. बाळाच्या हिरड्या मऊ भात, घोटलेले वरण, केळे, उकडलेल्या अंड्याचा बलक सहज चिरडतात. नाचणीचे सत्त्व, दुधात कुस्करलेली जोंधळ्याची भाकरी हेही चालते. नवव्या महिन्यापर्यंत अन्नात बारीक गाठी असू द्याव्यात. सगळे मिक्सरमधून पाण्यासारखे करून वर्षभर पाजलेले बाळ पुढे चावायला कंटाळते.

पहिला दात दिसल्यावर

त्याच दिवसापासून दात घासणे सुरू करावे. लहान मुलांचा मऊ ब्रश आणि तांदळाच्या एका दाण्याएवढी फ्लोराइड असलेली पेस्ट दिवसातून दोनदा पुरते. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी घ्यावी. बाटलीत गोड दूध भरून ती तोंडात ठेवून झोपवणे, चोखणीला गूळ किंवा साखर लावणे, येणाऱ्या-जाणाऱ्याने कुंद्याचे बोट चाटवणे, या सवयींनी वरचे पुढचे दात दीड-दोन वर्षांतच काळे पडतात.

बाळाने अंगावर पिताना चावा घेतला तर ओरडून ओढून काढू नये. त्याला क्षणभर छातीशी अधिक जवळ घ्यावे, तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवावी आणि शांतपणे बाजूला करावे, चार-दोन वेळांत बाळ शिकते. दात आले म्हणून दूध तोडायचे नसते, ते दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवता येते.

दंतवैद्यांची पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत, किंवा पहिल्या दातानंतर सहा महिन्यांच्या आत व्हावी. या भेटीत बहुधा कोणताच उपचार नसतो. आई आणि डॉक्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, बाळाचे डोके डॉक्टरांच्या मांडीवर आणि पाय आईच्या कमरेशी येतात, आणि दोन मिनिटांत तोंड पाहून होते. बाळ त्या वेळी रडलेच तर बरे, कारण तोंड आपोआप उघडते आणि मागच्या हिरड्याही नीट दिसतात.